१८९५ ची चौपाटी आणि माझं शेपटीला जड झालेलं विमान

आजचा भाग थोडा वेगळा आहे, कारण आज एक चूक दुरुस्त करायची आहे आणि ती चूक माझीच आहे.

या पॉडकास्टच्या अगदी सुरुवातीच्या एका भागात, तेव्हा माझा आवाजही धड रेकॉर्ड होत नव्हता, मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, मुंबईत गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं. 'उडवलं असं म्हणतात' असं नाही. सरळ 'उडवलं'. त्याच्याही आधी आठवीत असताना हेच वाक्य मी वक्तृत्व स्पर्धेत टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. तो डबा अजून आमच्या कळमनुरीच्या घरात आहे. आई त्यात जिरं ठेवते.

म्हणजे दोनदा, पूर्ण आत्मविश्वासानं, एकदाही न तपासता. मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधून पोट भरतो, तरी हा बग पंधराएक वर्षं डोक्यात तसाच चालू होता. तो सापडला एका लाकडी किटमुळे.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात घरून काम चालू होतं म्हणून पुणे सोडून कळमनुरीला आलो होतो. संध्याकाळी करायला काही नाही. बाहेर कयाधूला पाणी, रस्त्यावर चिखल. तेव्हा ऑनलाइन एक रेडिओ कंट्रोल विमानाचं किट मागवलं. पंख १२० सेंटिमीटर, पंख वरच्या बाजूला असणारं शिकाऊ लोकांचं मॉडेल. मला वाटलं होतं खेळण्यासारखं काहीतरी येईल, दोन स्क्रू लावले की झालं. खोक्यात निघाल्या लाकडाच्या पातळ फळ्या, त्यावर लेझरनं कापलेले तुकडे, आणि टेबलाएवढा एक नकाशा. विमान कुठंच नव्हतं. ते आपण करायचं.

तो नकाशा सपाट ठेवायला चांगली फळी पाहिजे म्हणून गल्लीतल्या सुतारमामांकडे गेलो. त्यांनी एक तुकडा हातात घेतला, उडवून झेलला, नखानं दाबून बघितला.

"हे लाकूड हाय का थर्माकोल?"

"लाकूडच आहे मामा. बाल्सा म्हणतात. इक्वाडोरवरून येतं."

"याचा पाट बी होणार नाही," असं म्हणून त्यांनी मला प्लायचा एक सरळ तुकडा काढून दिला. पैसे घेतले नाहीत, पण झाल्यावर दाखवायला आण म्हणाले.

मामांचा अंदाज बरोबर होता. सागवानाचा एक घनमीटर साधारण साडेसहाशे किलो भरतो, बाल्साचा दीडशेच्या आसपास. नख रुतेल इतकं मऊ. पण त्याच्या पातळ पट्ट्या उभ्या-आडव्या नीट चिकटवल्या की वजनाच्या मानानं जो दम येतो, तो बघून माणूस चाट पडतो. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान याच बाल्साच्या दोन्ही बाजूंना प्लाय लावून बनवलेलं होतं.

तीन आठवडे गेले. पंखाच्या आतल्या त्या माशासारख्या आकाराच्या फळ्या असतात ना, त्यांना रिब म्हणतात. त्या एकेक करून लांब पट्टीवर बसवायच्या, पट्टीला म्हणतात स्पार. मग सांगाडा पॉलिश पेपरनं घासायचा. वरून चढवायची प्लास्टिकची फिल्म, ती गरम केली की आकसते आणि ढोलाच्या कातड्यासारखी ताणून बसते. त्यासाठी वेगळी छोटी इस्त्री मिळते, मी घरातली वापरली. त्यावरून आईशी जे झालं ते इथे सांगत नाही.

शेवटी मोटर, बॅटरी, रिसीव्हर आणि शेपटीची पाती हलवणारे दोन छोटे सर्व्हो. एकूण वजन ९०० ग्रॅमच्या जवळ. फक्त एक गडबड झाली होती. शेपटीचा एक तुकडा माझ्याकडून मोडला, आणि मी तो घाबरून भरपूर ग्लू आणि प्लायची पट्टी लावून जोडला होता. भरपूर म्हणजे साधारण १० ग्रॅम.

दिवाळीत गावाबाहेरच्या माळावर गेलो. सोबत थोरले काका, दोन चुलत भाऊ, आणि कुठून आली कळत नाही अशी सातआठ पोरं. (उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर ती जागा ग्रीन झोनमध्ये आहे का ते बघितलं होतं. तुम्हीही बघा.) भावानं विमान हातानं फेकलं. विमानानं नाक वर केलं. अजून वर केलं. मी कांडी पुढे दाबतोय, ते ऐकेना. क्षणभर हवेत उभं राहिलं आणि शेपटीवर घसरत खाली आलं. चार सेकंद. काका शांतपणे म्हणाले, "येवढ्यासाठी तीन आठवडे करायलास व्हय?"

चूक त्या १० ग्रॅममध्ये होती. विमानाचा तोल जिथे सांभाळला जातो तो बिंदू, त्याला सीजी म्हणतात, तो पंखाच्या पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावरच हवा. माझ्या पंखाची रुंदी २० सेंटिमीटर, म्हणजे पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर. शेपटी या बिंदूपासून ६० सेंटिमीटर मागे, नाक २० सेंटिमीटर पुढे. लहानपणी चढ-उतराच्या फळीवर बसलेल्या कुणालाही कळेल, मागच्या १० ग्रॅमला पुढे ३० ग्रॅम लागतात. मी ते लावलेच नव्हते. तोल मागे गेला, आणि तोल मागे गेलेलं विमान कुणाचंच ऐकत नाही, रेडिओचं पण नाही.

मोडकं विमान घेऊन घरी आलो, दुरुस्ती रेंगाळली, आणि १७ डिसेंबर उजाडला. त्या तारखेला १९०३ मध्ये राइट बंधूंनी उड्डाण केलं. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी त्या दिवशी काकांचा एक फॉरवर्ड येतो. यंदाही आला. तळपदे, चौपाटी, १८९५, विमानाचं नाव मरुत्सखा, विमानात माणूस नव्हता, ते १५०० फूट उंच गेलं, बघायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते, पाऱ्याचं इंजिन होतं, इंग्रजांनी सगळं दाबून टाकलं.

दर वर्षी मी अंगठा देतो. या वर्षी माझ्या बोटांना ग्लू लागलेला होता, समोर मोडलेली शेपटी होती, आणि डोक्यात पहिला प्रश्न आला तो देशभक्तीचा नव्हता. विमानात माणूस नव्हता, मग त्याचा तोल कुणी सांभाळला?

बघा, १८९५ मध्ये रेडिओ कंट्रोल नव्हता. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवत होते, पण चालतं यंत्र रेडिओनं वळवून दाखवलं ते निकोला टेस्लानं, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कला, आणि तीही होती छोटी बोट. म्हणजे चौपाटीवर माणसाशिवाय काही उडालं असेल तर ते आपलं आपण स्थिर राहणारं हवं. एकदा सोडलं की झोत आला, नाक उचललं गेलं, तर स्वतःच खाली घेणारं.

हे १८९५ मध्ये शक्य होतं का? मी शोधायला बसलो आणि उत्तर बघून गप्पच झालो. शक्य होतं. चांगली चोवीस वर्षं आधी झालं होतं.

फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा होता. १८ ऑगस्ट १८७१ ला त्यानं पॅरिसच्या त्युइलरी बागेत लोकांसमोर एक छोटं विमान सोडलं. पंख ४५ सेंटिमीटर, वजन १६ ग्रॅम, मागे पंखा, आणि ताकद कशाची, तर पिळलेल्या रबराची. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. पंखांची टोकं थोडी वर उचललेली, म्हणजे कलंडलं तर परत सरळ होतं. शेपटीचं पातं किंचित उलट्या कोनात, म्हणजे नाक वर-खाली झालं तरी जागेवर येतं. माझ्या किटच्या नकाशात पंख आणि शेपटीचे जे कोन छापले आहेत ना, ते याच विचारातून आलेत. तीन आठवडे मी पेनोचं गणित चिकटवत होतो आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. बिचारा १८८० मध्ये तिसाव्या वर्षीच गेला.

आणि १८७८ च्या सुमारास अमेरिकेत एका धर्मगुरूनं आपल्या दोन मुलांसाठी एक उडतं खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि रबर, पेनोच्याच कल्पनेवरचं. मुलांनी ते मोडेपर्यंत उडवलं आणि मग स्वतः तसंच बनवायला लागली. एक अकरा वर्षांचा विल्बर, दुसरा सात वर्षांचा ऑर्व्हिल. आडनाव राइट.

[इथे मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. कापली असती, पण वाक्य तुटत होतं.]

तर माणसाशिवाय छोटं विमान १८९५ मध्ये उडणं ही काही अशक्य गोष्ट नव्हती. पहिल्यांदा मला आनंदच झाला. वाटलं काकांचं खरं निघणार, आणि माझा डबाही वाचणार. पण मग मी १८९६ पाशी पोचलो.

अमेरिकेत सॅम्युअल लँगली नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांनीही रबरानं सुरुवात केली, मग वाफेचं इंजिन. वर्षानुवर्षं एकामागून एक मॉडेल फसत गेलं. शेवटी ६ मे १८९६ ला पोटोमॅक नदीत एका हाउसबोटीच्या छतावरून त्यांचं 'एरोड्रोम नंबर ५' सोडलं गेलं. पंख ४.२ मीटर, वजन सुमारे ११ किलो, माणूस नाही. साधारण हजार मीटर उडालं आणि वाफ संपल्यावर अलगद पाण्यावर उतरलं. त्याच दिवशी बाहेर काढून पुन्हा सोडलं, तेव्हा ७०० मीटर.

काठावर कोण होतं माहितीय? अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनवाले. त्यांनी फोटो काढले. काय बघितलं ते लिहून छापायला दिलं. ते विमान आजही जपून ठेवलेलं आहे.

इथे मी अडलो. चौपाटीच्या दाव्यात आणि पोटोमॅकच्या उड्डाणात फक्त एक वर्षाचं अंतर आहे. एकीकडे फोटो, नाव लावून दिलेली साक्ष, विमान, आणि त्याआधी फसलेल्या मॉडेलांची नोंदसुद्धा. दुसरीकडे काय? त्या काळी छापलेला एकही वृत्तांत आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. वर्तमानपत्रात आलं होतं असं प्रत्येक फॉरवर्ड सांगतो, पण अंकाची तारीख कुठेच नाही.

आणि मुंबई म्हणजे काही आडरान नव्हतं हो. १८९५ ची मुंबई इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रांनी भरलेली होती. फोटो स्टुडिओ होते. दुसऱ्याच वर्षी, जुलै १८९६ मध्ये, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला. आता १५०० फुटांचा हिशोब करा. राजाबाई टॉवरची उंची २८० फूट. त्याच्यावर टॉवर ठेवत गेलात तर पाचाच्या वर लागतील. गिरगावच्या चाळी, काळबादेवी, मलबार हिल, समुद्रातल्या होड्या, अर्ध्या शहराला ते दिसलं असतं. कुणाच्या डायरीत, कुणाच्या पत्रात, एखाद्या टवाळ संपादकाच्या कोपऱ्यात तरी यायला पाहिजे होतं. इंग्रजांनी दाबलं म्हणायचं, तर त्याच इंग्रजांच्या नाकावर टिच्चून छापणारी मराठी वर्तमानपत्रं तेव्हा होती, आणि १८९७ मध्ये टिळकांवर लेखनासाठीच राजद्रोहाचा खटला झाला.

मग पारा. फॉरवर्डमधल्या या एका शब्दावर मी अख्खी रात्र घालवली. पाऱ्याचा एक लिटर म्हणजे १३.६ किलो. लँगलींचं अख्खं विमान, इंजिन-बॉयलरसकट, ११ किलोचं. माझं विमान १० ग्रॅमनं पडलं. काही लेखांत तर थेट 'मर्क्युरी आयन इंजिन' लिहिलेलं असतं. असं इंजिन खरंच असतं, पण अवकाशात. नासानं १९७० मध्ये सर्ट-२ नावाच्या यानावर पाऱ्याची आयन इंजिनं चालवली, त्यांचा जोर होता २८ मिलिन्यूटन. सोप्या भाषेत, जमिनीवर ते जेमतेम ३ ग्रॅम उचलेल. ए-फोरचा एक कागद ५ ग्रॅमचा असतो. शिवाय हे इंजिन निर्वात पोकळीतच चालतं, चौपाटीच्या वाऱ्यात नाही. आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो १८९७ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, पण ते 'वैमानिक शास्त्र' नावाचं प्राचीन पुस्तक होतं ना, त्यावरून केलं होतं. मलाही हेच माहीत होतं. १९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी, एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे पुस्तक घेऊन नीट अभ्यास केला. टिंगल करायला नाही. त्यांनी भाषा बघितली, कागद बघितले, त्यातल्या विमानांची गणितं मांडली. निष्कर्ष असा, की हा मजकूर १९०४ च्या आधीचा नाही. सुब्बराय शास्त्री नावाच्या गृहस्थांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि दुसऱ्यानं लिहून घेतला. चित्रं त्यानंतर बंगळुरूच्या एका ड्राफ्ट्समननं काढली. त्यातली विमानं उडण्यालायक नाहीत, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

तारखा लावून बघा. चौपाटी १८९५. पुस्तक सांगायला सुरुवात १९१८. तळपदे वारले १९१६ मध्ये. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तिथल्या एका सत्रात प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. त्याच महिन्यात तळपद्यांवरचा 'हवाईजादा' सिनेमा आला. मी तेव्हा अकरावी-बारावीच्या वयात होतो. सिनेमा बघून आलो आणि माझा विश्वास आणखी पक्का झाला.

मुकुंदांच्या त्या लेखातली एक ओळ मला सगळ्यात जास्त लागली. मुंबईच्या तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेल बनवून बघितली, पण त्यातलं एकही त्यांना उडवता आलं नाही, अशा अर्थाची ती ओळ आहे.

ही ओळ वाचली आणि तळपदे मला पहिल्यांदा माणूस वाटले. फॉरवर्डमधले तळपदे म्हणजे पुतळा. एकदा आले, १५०० फूट उडवलं, इंग्रजांनी दाबलं, संपलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारा, संस्कृतची आवड असणारा, स्वतःच्या हातानं मॉडेल बनवणारा आणि ते उडत नाही म्हणून पुन्हा बसणारा गिरगावातला माणूस, हा मला ओळखीचा आहे. त्याच्या बोटांनाही खळ लागली असेल. त्याच्या घरच्यांनीही 'येवढ्यासाठी?' असं विचारलं असेल. हे शेवटचं माझी कल्पना आहे, पुरावा नाही, तेवढं लक्षात ठेवा. पण त्याच्या हातात पेनोचा कागद पडला असता तर, असं राहून राहून वाटतं. १८७१ मध्ये पॅरिसला सुटलेलं कोडं होतं ते. रबर आणि बांबू गिरगावात मिळत होते.

असे दावे आपल्याकडेच आहेत असंही नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्ट्रिंगफेलोच्या १८४८ च्या वाफेच्या मॉडेलवरून अजून वाद घालतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यानं २०१३ मध्ये चक्क कायदा करून, राइट बंधूंच्या आधी आमच्या गुस्टाव्ह व्हाइटहेडनं उड्डाण केलं, असं ठरवून टाकलं. ब्राझीलमध्ये सांतोस द्युमाँ सोडून दुसरं नाव घेऊन बघा. आणि लँगलींचं पुढं काय झालं तेही सांगतो. मॉडेल उडाल्यावर सरकारनं त्यांना माणूस बसेल असं विमान बांधायला ५० हजार डॉलर दिले. ते १९०३ मध्ये ७ ऑक्टोबरला नदीत पडलं, ८ डिसेंबरला पुन्हा पडलं, आणि नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. वर्तमानपत्रांनी लँगलींना सोलून काढलं. पण ते पडणंही छापून आलं, म्हणून तर आज मी तुम्हाला तारखेसकट सांगू शकतोय.

पुरावा कसा दिसतो याचं आपलं मराठी उदाहरणही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते ठेवलं, तेव्हा गच्चीवरून क्रेननं खाली उतरवावं लागलं. २०१७ मध्ये डीजीसीएनं त्याची नोंदणी केली. फोटो आहेत, कागद आहेत, विमान आहे. काका, पुढच्या १७ डिसेंबरला हे फॉरवर्ड करा ना.

माझ्या विमानात जो रेडिओ आहे, त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९३७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू नावाच्या गावात वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ होते. नाव ऐकूनच मला हे गाव आवडलं, कलामाझू-कळमनुरी. त्यांनी लाकडी मॉडेलमध्ये रेडिओचा रिसीव्हर बसवला आणि 'गफ' नावाचं विमान जमिनीवरून वळवून दाखवलं. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं आणि बॅटऱ्यांचं वजन पेलायचं म्हणून विमानच भलंमोठं करावं लागलं. गफ आता स्मिथसोनियनमध्येच आहे. माझा रिसीव्हर आगपेटीपेक्षा लहान आहे. गणित मात्र तेच, आधी तोल, मग रेडिओ.

तर जानेवारीत दुरुस्ती झाली. शेपटीवरचा जास्तीचा ग्लू पॉलिश पेपरनं घासून काढला. बॅटरी पुढे सरकवली. तरी कमी पडत होतं, म्हणून इसापूर धरणावर मासे धरणाऱ्या एकाकडून गळाला लावायचं शिसं आणलं आणि २० ग्रॅम नाकात चिकटवलं. दोन्ही पंखांखाली, पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर, एकेक बोट ठेवलं. विमान बोटांवर सपाट उभं राहिलं. सुतारमामांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनीही तसंच बोटांवर धरलं आणि म्हणाले, "आता सरळ हाय."

सकाळी सातला माळावर गेलो, वारा पडलेला असतो तेव्हा. गार होतं. या वेळी फक्त मी, चुलत भाऊ आणि काका. काका का आले माहीत नाही. आदल्या रात्री ग्रुपवर मी त्यांना वरचं सगळं लिहून पाठवलं होतं, पेनो, लँगली, राजाबाई टॉवर. उत्तर आलं नव्हतं. फक्त दोन निळ्या टिका.

गाडीवर जाताना ते मागून म्हणाले, "तुझं म्हणणं हाय, ते उडलंच नाही?"

"उडलं नाही असं मी म्हणत नाही काका. उडलं याचा कागद नाही म्हणतो."

"मग ते डब्याचं काय? बक्षीस परत देतोस का?"

भावानं फेकलं. विमान सरळ गेलं. मी कांडीला हातही लावला नाही आणि ते सरळ जात राहिलं, पेनोनं सांगितल्यासारखं. मग एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, एका बाभळीच्या अगदी जवळून गेलं आणि ढेकळात नाकावर उतरलं. पंखा तुटला, बाकी सगळं ठीक. काकांनी पूर्ण व्हिडिओ काढला होता. ३८ सेकंद.

आम्ही घरी पोचायच्या आत तो ग्रुपवर होता. खाली काकांनी लिहिलं होतं, 'कळमनुरीत बनलेलं पहिलं विमान, आज सकाळी यशस्वी उड्डाण.' दुपारपर्यंत तो दुसऱ्या एका ग्रुपवरून फिरून माझ्याकडेच आला, तेव्हा त्यात विमान पाच मिनिटं उडालेलं होतं. संध्याकाळी नांदेडच्या आत्याचा फोन आला, की एक हजार फूट वर गेलं म्हणे.

पहिलं आहे का ते मला माहीत नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं. विमान जास्तीत जास्त लिंबाच्या झाडाच्या दुप्पट उंच गेलं, वेळ ३८ सेकंद, तारीख व्हिडिओत आहे, हेही लिहिलं. त्या जुन्या भागाच्या वर्णनातही आजच दुरुस्तीची ओळ टाकली आहे. काकांनी माझ्या मेसेजला अंगठा दिला.